शवपेटीचा पुरावा

एल्डरफिल्ड, मॅसॅच्युसेट्स
१२ सप्टेंबर १८५३

प्रिय केझाया,

गेल्या हिवाळ्यात कॅनडाला जाण्यापूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरात सफरचंदे सोलत बसून अकरा दुपारी मला जी हकीकत सांगितलीस, तिची आता कादंबरी झाली आहे. आमच्या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात दर शनिवारी तिचे एक प्रकरण येते. ‘रोझमंड, अथवा नदीपलीकडची पहाट’ असे तिचे नाव. पहिली नऊ प्रकरणे सोबत पाठवते आहे.

एका बदलाचे कारण मात्र आधीच नीट समजावून सांगायला हवे. केंटकीतल्या त्या हॉटेलातून तू मळक्या टेबलक्लॉथांच्या वेताच्या पेटाऱ्यात दडलीस आणि सोमवारच्या फेरीबोटीने ओहायो नदी ओलांडून पलीकडच्या धुलाईघरात उतरलीस, हे सत्य आहे. परंतु कादंबरी वाचणारा मनुष्य आपल्या आरामखुर्चीतून उठून एकदम पेटाऱ्यात शिरत नाही. त्याला हळूहळू न्यावे लागते. प्रथम त्याची दया जागवायची, मग भीती, आणि मग लाज. या वाटेवर त्याला एकदा जरी हसू आले, तरी तो परत खुर्चीत जाऊन बसतो. रस्सा सांडलेल्या टेबलक्लॉथांखाली बसलेली नायिका पाहून तो हसेल, अशी मला खात्री आहे. म्हणून मी रोझमंडला शवपेटीत निजवले. बेवारस प्रेत म्हणून ती नदी ओलांडते, आणि स्वतंत्र भूमीवर झाकण उघडते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर स्मित असते. प्राण मात्र नसतो.

नववे प्रकरण आमच्या वाचनमंडळात वाचले, तेव्हा एकोणीसपैकी अठरा स्त्रिया रडल्या. एकोणिसाव्या मिसेस टटल यांना कमी ऐकू येते. त्यांना शेवट कानाशी ओरडून सांगितला, तेव्हा त्याही रडल्या आणि म्हणाल्या, “अहो थीओडोसिया, तिला जिवंत ठेवली असतीत तर तुमचं काय बिघडलं असतं?”

“ती जिवंत राहिली असती,” मी म्हटले, “तर तुम्ही आत्ता केक मागितला असता.”

तुझी हितचिंतक,
थीओडोसिया पेनहॅलो


सेंट कॅथरिन्स, कॅनडा
२० सप्टेंबर १८५३

मिस पेनहॅलो यांस,

प्रकरणे मिळाली. आमच्या चर्चमधल्या बायका माझ्याकडे इस्त्रीला येतात. एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी इस्त्री करत ऐकायचे, असे ठरवले. तीन गिऱ्हाइकांचे शर्ट जळाले. यावरून गोष्ट चांगली आहे असे समजावे.

काही शंका आहेत. रोझमंडचा वर्ण हस्तिदंतासारखा आणि केसांना सोनेरी झाक आहे, असे आपण लिहिता. मी आरशात पुन्हा पाहून घेतले. शवपेटीत ती चार कडव्यांचे स्तोत्र म्हणते. फेरीबोटीवर गाणारे प्रेत कोणाच्याच लक्षात आले नाही, हे आम्हा सगळ्याजणींना जरा जड गेले. मी पेटाऱ्यात गायले नाही. टेबलक्लॉथांवर मोहरी सांडलेली होती. शिंक दाबता दाबताच माझी सगळी नदी संपली. शिवाय मी मेलेले नाही. परवा आमच्या पाद्रीबुवांनी मला विचारलेसुद्धा, “केझाया, तू नक्की पोहोचलीस ना?”

आता कामाचे सांगते. माझी धाकटी बहीण फीबी अजून त्याच हॉटेलात राबते आहे. तिचा मालक दर वर्षी तिला कराराने हॉटेलच्या हवाली करतो. करार पहिल्या जानेवारीला संपतो, आणि या खेपेस त्याला तो पुन्हा करायचा नाही. मिसिसिपीकडच्या एका व्यापाऱ्याशी त्याचे बोलणे पक्के झाले आहे. तिकडे गेलेली माणसे परत दिसत नाहीत. तेव्हा नदी गोठण्याआधी, मी ज्या वाटेने आले त्याच वाटेने फीबीला यायचे आहे. दुसरी वाट नाही. मी होडी चोरून पळाले असे हॉटेलवाले समजतात, म्हणून ही वाट अजून शाबूत आहे.

आपण पत्रात पेटारा, हॉटेल, सोमवार असे सगळे शाईने लिहून पाठवलेत. पुन्हा लिहू नका, आणि कोणाला बोलूही नका. शवपेटीबद्दल माझी काही तक्रार नाही.

आपली,
केझाया ग्रिग्ज


एल्डरफिल्ड
४ ऑक्टोबर १८५३

प्रिय केझाया,

फीबीविषयी वाचून फार अस्वस्थ झाले. मी शब्दाने कोठे बोलणार नाही. मंडळात तिच्यासाठी प्रार्थना केली, तीही नाव न घेता. परमेश्वराला ते ठाऊक असावे.

आता एक गोष्ट तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्यातून विचारांचे कार्य कसे चालते हे अगदी स्वच्छ दिसते. आमच्या गावात डीकन टटल म्हणून आहेत: मंडळीचे वडीलधारे, कापडगिरणीचे मालक, आणि त्या मिसेस टटल यांचे यजमान. बारा वर्षे आम्ही त्यांना पत्रके दिली, भाषणे ऐकवली, जनगणनेचे आकडे वाचून दाखवले. ते प्रत्येक वेळी शांतपणे म्हणत, “आकड्यांना दोन बाजू असतात.” नववे प्रकरण वाचल्यावर ते रविवारी चर्चच्या पायरीवर माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज बसला होता. “मिस पेनहॅलो,” ते म्हणाले, “त्या मुलीला दोन बाजू नव्हत्या.”

पळून आलेल्यांना पकडणाऱ्या माणसांना एल्डरफिल्डच्या तुरुंगाची कोठडी वापरू द्यायची नाही, असा आमचा अर्ज आहे. तीन वर्षांत त्यावर एकोणतीस सह्या झाल्या होत्या. रोझमंड गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत दोनशे सहा झाल्या. बारा डिसेंबरच्या ग्रामसभेत त्यावर मतदान आहे. युक्तिवाद माणसाला उत्तर सुचवतो; कथा त्याला उत्तर द्यायला वेळच देत नाही. हे सूत्र मी माझ्या रविवारच्या शाळेतल्या फळ्यावरही लिहिले आहे.

डीकन टटल यांच्या गिरणीत कापूस अजून अलाबामाचाच येतो. पण गाडी उतरवताना ते आता खिडकीतून दुसरीकडे पाहतात. हा पहिला टप्पा होय.

तुझी,
थीओडोसिया पेनहॅलो


सेंट कॅथरिन्स
१७ ऑक्टोबर १८५३

मिस पेनहॅलो यांस,

दुसरा टप्पा कधी आहे ते त्यांना विचारून ठेवा.

इकडे एक बातमी आली आहे. ओहायोवरून आमचा एक ओळखीचा नावाडी निरोप आणतो. तो सांगतो, आपले साप्ताहिक केंटकीतल्या त्या हॉटेलच्या बैठकीत येते. दक्षिणेकडचे सद्गृहस्थ ते हसण्यासाठी मागवतात. एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे टेबलावर थापा मारतात. नवव्या प्रकरणापर्यंत असेच चालले होते. नवव्याला कोणी थाप मारली नाही. शेवटी एक पकडवाला उठून म्हणाला, “गृहस्थहो, असं आपल्या नाकाखालून किती गेलं असेल?” तेव्हापासून धक्क्यावर दिसेल ती शवपेटी उघडून पाहतात. गेल्या आठवड्यात एका पाद्र्याच्या आईला दोनदा उघडले.

मिस पेनहॅलो, शवपेटीतल्या गाण्यावर मी पहिल्या पत्रात जे बोलले ते मागे घेते. शवपेटीला हात लावू नका. स्तोत्रही राहू द्या.

आपली,
केझाया ग्रिग्ज


एल्डरफिल्ड
१ नोव्हेंबर १८५३

प्रिय केझाया,

आमच्यावर मोठे संकट कोसळले आहे.

दक्षिणेतल्या एका वृत्तपत्राने ‘रोझमंड’वर तीन स्तंभ लिहिले. खिळे ठोकलेल्या पेटीत किती हवा असते याचे गणित त्याने मांडले आहे, आणि शेवटी म्हटले आहे, की जी लेखिका प्रेताला गायला लावते, तिला गुलामगिरीविषयी जे काही ठाऊक आहे ते याच जातीचे असणार. आमच्या बॉस्टनच्या वृत्तपत्रांनी तो मजकूर जसाच्या तसा छापला. मागच्या आठवड्यात एकेचाळीस माणसांनी अर्जावरून आपली नावे खोडली. डीकन टटल माझ्या दारात आले. टोपी हातात होती, पण आत यायला तयार नव्हते.

“मी खऱ्या गोष्टीसाठी रडलो,” ते म्हणाले. “खोट्यासाठी रडलो असेन, तर मला ते परत हवंय.”

त्यांना काय परत देऊ? म्हणून मी ‘खुलासा’ या नावाने आठ पाने लिहिली आहेत. त्यांत मी मान्य करते, की शवपेटी कल्पित आहे. परंतु मूळ घटना याहून अधिक विलक्षण आणि संपूर्ण खरी आहे. एक स्त्री धुलाईच्या पेटाऱ्यात बसून नदी पार झाली. घाबरू नकोस. गावाचे नाव नाही, हॉटेलचे नाव नाही, वारही नाही. केवळ ‘एक नदी’ आणि ‘एक पेटारा’. एकोणीस तारखेच्या अंकासाठी ती पाने सोळाला छापखान्यात जातील. असत्याच्या आधारावर उभे राहिलेले सत्कार्य टिकत नाही, हे तुलाही पटेल.

तुझी,
थीओडोसिया पेनहॅलो


सेंट कॅथरिन्स
७ नोव्हेंबर १८५३

मिस पेनहॅलो,

नाही.

त्या नदीवर धुलाईचे पेटारे फेरीबोटीने जातात अशी चार ठिकाणे आहेत. पकडवाल्यांना चारपर्यंत मोजता येते. फीबी पाच डिसेंबरला निघणार. आपला अंक त्याआधी हॉटेलच्या टेबलावर असेल, आणि मग एक माणूस पेटाऱ्याचे झाकण उचलील. त्यानंतर माझी बहीण मिसिसिपीत, आणि आपले आठ पानी सत्य फाईलीत.

आपला राग मला समजतो. आपल्याला खोटे म्हटले गेले. मला तर जन्मभर तेच म्हणत आले. तुमच्या उत्तरेतही रीत आहे, की आमच्यापैकी कोणी आपली हकीकत लिहिली, तर पुढे दोन पाद्र्यांचे आणि एका वकिलाचे प्रमाणपत्र लावायचे, की ही बाई खरी आहे, सुशील आहे, आणि हे तिनेच लिहिले आहे. ती बाई समोर उभी असली तरी पुरत नाही. या रितीचा मला फार संताप यायचा. आज ती कामाला येईल.

सोबत माझी जबानी आहे, माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीची. तीत मी शपथेवर सांगते, की मी केझाया ग्रिग्ज, अमुक हॉटेलातून, शवपेटीतूनच आले. गावाचे आणि हॉटेलचे खरे नाव घातले आहे. छापताना ते गाळू नका. त्यातला एक भाग असा:

‘फळ्या ताज्या पाइनच्या होत्या आणि डिंकाने माझी बाही चिकटली. नावाच्या पट्टीखाली दोन भोके पाडली होती. डोळा लावला तर एका भोकातून खलाशाचा बूट दिसे. माझ्या हातावर एक मुंगी चालत होती. मी हलू शकत नव्हते म्हणून तिला जाऊ दिले. पलीकडच्या काठाला पेटी टेकली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, ही मुंगीसुद्धा आता कोणाची नाही.’

यातले एक अक्षर खरे नाही. आपल्याच नवव्या प्रकरणावरून शिकले. फक्त गाणे काढून टाकले.

आपल्याला दोन पाद्री ठाऊक आहेतच.

केझाया ग्रिग्ज


एल्डरफिल्ड
२६ नोव्हेंबर १८५३

प्रिय केझाया,

तुझे पत्र अकरा तारखेला पोहोचले. पुढचे चार दिवस माझ्या टेबलावर डावीकडे माझा खुलासा होता आणि उजवीकडे तुझी जबानी. डावीकडे सत्य होते आणि माझे नाव. उजवीकडे असत्य होते आणि फीबी. असे सरळ मांडल्यावर उत्तर सोपे वाटते. मला चार दिवस लागले, हे तुझ्यापासून लपवत नाही. पंधराला मी आठही पाने चुलीत घातली.

प्रमाणपत्रांचे काम मात्र आश्चर्यकारक सोपे निघाले. रेव्हरंड स्टोक्स म्हणाले, “या बाईंना मी पाहिलेलं नाही, मग हमी कशी देऊ?” मी म्हटले, “रेव्हरंड पेक सही करणार आहेत.” मग पेक यांच्याकडे जाऊन सांगितले, की स्टोक्स यांनी केली. बाईंचे शील निष्कलंक असल्याचे दोघांनीही लिहून दिले. वकिलांनी दोघा पाद्र्यांच्या शीलाची हमी दिली.

जबानी मागच्या शनिवारी छापली. तिचा परिणाम काय वर्णावा! आठ दिवसांत ती चार वृत्तपत्रांनी घेतली. बॉस्टनचा एक परीक्षक लिहितो, की मिस पेनहॅलो यांच्या कल्पनाशक्तीला मर्यादा आहेत हे त्यांच्या स्तोत्रावरून दिसतेच. परंतु ती मुंगी पाहा. अशिक्षित मनाला असला तपशील रचता येत नाही, तो केवळ आठवता येतो. रेव्हरंड स्टोक्स यांनी गेल्या रविवारी मुंगीवर पन्नास मिनिटे प्रवचन केले. डीकन टटल पहिल्या बाकावर होते. त्यांनी मला रडणे परत केले, असे म्हणायला हरकत नाही.

मी मागच्या बाकावर बसून तेवीस वर्षांच्या लेखनाचा हिशेब मांडत होते. माझे सर्वोत्तम मानले गेलेले पान मी लिहिलेले नाही.

पाच तारखेची वाट पाहते.

तुझी,
थीओडोसिया पेनहॅलो


सेंट कॅथरिन्स
१४ डिसेंबर १८५३

मिस पेनहॅलो यांस,

फीबी आली.

काल दुपारी आली. आधी दोन वाट्या मक्याची लापशी खाल्ली आणि मग बोलली. ती सांगते तसेच लिहिते.

माझी जबानी हॉटेलात वाचली, तेव्हा हॉटेलमालक टेबलावर मूठ आपटून ओरडला, “हीच ती! आणि मी वर्षभर होडी शोधत बसलो!” पाच तारखेला सकाळी पकडवाले पाच जण होते, आणि पाचही जण धक्क्याच्या एका टोकाला, कारण तिथे तंबाखूच्या एका बड्या व्यापाऱ्याची शवपेटी पलीकडे घराण्याच्या दफनभूमीत न्यायला आणली होती. त्याची विधवा काळा बुरखा घेऊन पेटीवर आडवी पडली.

“उघडा,” पकडवाला म्हणाला.

“आमचे हे आहेत हो आत!”

“बाई, सगळे असंच सांगतात.”

“अहो, मेयर आले होते अंत्ययात्रेला!”

“मेयरला आतलं काय दिसतंय? बाजूला व्हा. भोकं कुठायत ते बघ रे, पट्टीच्या खाली असतील.”

हे सगळे फीबीने वेताच्या फटीतून पाहिले. हमालांनासुद्धा ते पाहायचे होते, म्हणून त्यांनी पेटारा तिथेच खाली ठेवला. मग फेरीबोटीच्या कप्तानाने शिवी हासडली, की मढं राहू दे, धुणं तरी चढवा. तशी ती चढली. बोट सुटली तेव्हा मागे झाकण उघडले होते आणि ती विधवा पकडवाल्याला छत्रीने मारत होती.

तुम्ही चार दिवस घेतले असे लिहिलेत. मी ते फीबीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “चारच?” तिने ते कोणत्या अर्थाने म्हटले ते मी विचारले नाही. तिला झोप आली होती.

आपली,
केझाया ग्रिग्ज


एल्डरफिल्ड
२२ डिसेंबर १८५३

प्रिय मिसेस ग्रिग्ज,

तुमचे पत्र मी उभ्याने वाचले आणि मग जमिनीवर बसले. तुमच्या भगिनींना माझा नमस्कार सांगा. इतके दिवस तुम्हाला ज्या तऱ्हेने संबोधत आले, त्याविषयी आता वेगळे लिहीत नाही. वरच्या ओळीवरून ते लक्षात येईल.

ग्रामसभेत अर्ज मंजूर झाला, एकशे एकतीस विरुद्ध अठ्ठावन्न. सभेत डीकन टटल यांनी तुमची जबानी वाचून दाखवली आणि मुंगीपाशी थांबून पाणी मागितले. एल्डरफिल्डचा तुरुंग यापुढे पकडवाल्यांना बंद आहे. हा ठराव खरा आहे, त्याची कोठडी खरी आहे, आणि तो ज्यावर उभा आहे ते मात्र तुम्ही इस्त्रीच्या टेबलावर रचलेले आहे. रविवारच्या शाळेत मी मुलांना दहा आज्ञा शिकवते. खोटी साक्ष देऊ नये, या आज्ञेशी आले की माझा खडू मोडतो.

फीबी आता सुरक्षित आहेत. म्हणून नम्रपणे विचारते: मी आता खरे काय ते छापू का?

आपली,
थीओडोसिया पेनहॅलो


सेंट कॅथरिन्स
४ जानेवारी १८५४

प्रिय मिस पेनहॅलो,

नमस्कार पोहोचला. मिसेस ग्रिग्ज हे नाव पाकिटावर पाहून टपालवाल्याने ते आधी शेजारी दिले.

छापू नका. त्या हॉटेलच्या धुण्यात अजून चौघी आहेत. त्यांच्यातल्या एकीला लहान मूल आहे. नदी मार्चमध्ये मोकळी होईल, आणि पेटारे पुन्हा सुरू होतील. त्या चौघी इकडे आल्या की आणखी कोणी असेल. आपले सत्य शिळे होणारे नाही. ते थांबू शकते. मुलांना ती आज्ञा शिकवत राहा. त्यांना तिचा उपयोग होईल.

पण एक अडचण निर्माण झाली आहे, आणि ती आपल्याच हातची आहे. त्या विधवेने थेट राज्यपालांकडे तक्रार नेली. आता पकडवाल्यांना शवपेट्यांना हात लावायची मनाई झाली आहे. त्यामुळे ते रिकामे उभे असतात, आणि रिकामा माणूस इकडेतिकडे पाहतो. नदी गोठण्याआधीच्या शेवटच्या फेरीला एकाने उगीच म्हणून धुण्याच्या पेटाऱ्यात काठी खुपसून पाहिली. आत धुणेच होते.

तेव्हा आपण नवी कादंबरी ताबडतोब सुरू करावी. या खेपेस नायिका पियानोच्या खोक्यात असू द्या. खोके मोठे असावे, फार जड असावे, उघडायला पाच माणसे आणि निम्मा दिवस लागावा. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. केस सोनेरी असले तरी चालतील. जबानी मी एप्रिलच्या सुमारास पाठवीन. पियानोच्या तारा आतून कशा दिसतात ते आमच्या चर्चमधल्या पियानोत डोके घालून पाहून ठेवते.

फीबीचे म्हणणे, या वेळी ती मुलगी जगावी. मी तिला सांगितले, ते लेखिकेवर सोपवू. लेखिकेने मनाशी खूणगाठ बांधली आहे की मेल्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि डीकन टटल यांचा अनुभव तिच्या बाजूने आहे. आपण योग्य वाटेल तसे करा. मारावी लागली तर मारा. फक्त बर्फ वितळायच्या आत पाचवे प्रकरण केंटकीत पोहोचले पाहिजे.

आपली,
केझाया ग्रिग्ज